गाडीला लागलेली धाप

सुंदररावांना जाऊन महिना होत आला, तरी कारखान्याची अँबॅसिडर अजून युसूफ वडगावात त्यांच्याच दारात उभी होती. साखर कारखाना सहकारात उभा केला तो त्यांनी. पहिले चेअरमनही तेच. यंदाच्या दुष्काळात ऊस वाळून गेला, गाळप झालंच नाही. आता नव्या चेअरमनचा निरोप आला होता: गाडी उद्या कारखान्यावर पाठवा.

दुपारी ड्रायव्हर शहादेवनं गाडी चालू करून बॉनेट उघडलं आणि आत हाक दिली.

"काकू, जरा भाईर या."

सुंदररावांच्या पत्नी वच्छलाबाई बाहेर आल्या. इंजनात कोंडलेली वाफ सोडायला एक नळी असते. शहादेव तिला ब्रीदर म्हणायचा. त्या नळीच्या तोंडातून पांढरी, तेलकट वाफ येत होती आणि खाली मातीत थेंब पडत होते.

"तेलात पाणी चाललंय," शहादेव म्हणाला. "पर रेडिएटर काठोकाठ हाय. मंग हे पाणी येतंय कुठून?"

वच्छलाबाईंचं वाफेकडं लक्ष नव्हतं. त्या ऐकत होत्या. दोन आखूड श्वास, मग एक लांब ओढलेला, त्याच्या शेवटाला बारीक शीळ. सुंदररावांचा दमा असाच होता.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

शहादेवनं किल्ली फिरवली. इंजन थांबलं. धाप थांबली नाही.

शहादेव दोन पावलं मागं सरला. "काकू, हे लई वंगाळ दिसतंय."

वच्छलाबाईंना मात्र उमगलं. सुंदरराव गेले त्या दिवशी त्यांना याच गाडीतून अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेत होते. वाटेत कोरड्या नदीच्या पुलावर त्यांनी मान टाकली आणि गाडी तिथूनच माघारी वळवली होती.

"त्यांला दवाखान्यात जायचंय. काढ गाडी."

मागच्या सीटवर त्या एका कडेला अंग चोरून बसल्या. शेजारची गादी कुणी टेकावं तशी खाली दबली. शहादेवनं ते आरशात पाहिलं, आणि पुन्हा आरशात पाहिलं नाही.

दोन्ही अंगांना करपलेली रानं, मधे एक जनावरांची छावणी. एवढ्या उन्हात दबलेल्या गादीच्या बाजूची काच आतून धुरकटायची, निवळायची, परत धुरकटायची. पुलावर गाडीनं आचका दिला. धाप अडकली. गाडीभर तेलाचा वास कोंडला, आणि शहादेवचा पाय ब्रेककडं गेला.

"थांबू नगंस!" वच्छलाबाई ओरडल्या. "आता माघारी वळायचं न्हाई!"

त्यानं डोळे गच्च मिटून गाडी रेटली. पूल मागं पडला, तशी ती शीळ पुन्हा सुरू झाली.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. दार कुणी उघडलं नाही. दबलेली गादी तेवढी हळूहळू वर आली. पुढं बॉनेटखाली सगळं चिडीचूप झालं.

वच्छलाबाईंना उतरायचं सुचेना. तेवढ्यात एक नर्स लगबगीनं बाहेर आली.

"तुमचेच का हो ते धोतरवाले? एकट्याला का पाठवलं आत? केवढा दम लागलाय त्यांना! खाटेवर बसवलंय."

त्या आत गेल्या. खाट रिकामी होती. चादर मधोमध ओली होती, तिला तेलाचा वास होता. वच्छलाबाईंनी हात ठेवला. कोमट लागली.

"आत्ता तर इथंच होते!" म्हणत नर्स बाहेरच्या बाकांकडं शोधायला धावली. चादर गार होईपर्यंत वच्छलाबाई खाटेशेजारी उभ्या राहिल्या.

बाहेर शहादेव नळीत बोट घालून बघत होता. नळी कोरडी ठाक होती. वच्छलाबाईंनी त्याला समोरच्या हॉटेलात नेलं आणि दोन चहा सांगितले.

"काकू, उद्या नव्या चेअरमनला काय सांगू?"

वच्छलाबाईंनी बशीत चहा ओतला.

"सांग, गाडी ठीक हाय."