धानाच्या दाण्याएवढी कमळा

मित्रांनो, वडशाच्या बाजारात धनराजचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे बुटक्या कपाटावर, लग्नाच्या अल्बमच्या रिकाम्या खोक्यांमागे, मी बसलेला असतो. मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आठ मिलिमीटरच्या फिल्मचा. आता नुसता म्हणायला प्रोजेक्टर, कारण माझं नख उपटलेलं आहे. ते का उपटलं, कोणी उपटलं, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मी जरा कुरकुऱ्या आहे, तेवढं सांभाळून घ्या.

वडशाचे गुणवंतराव हे माझे पहिले धनी. त्यांची धानाची गिरणी होती आणि नाद होता सिनेमा काढायचा. नागपूरहून त्यांनी एक छोटा कॅमेरा आणला आणि सोबत मला आणलं. आमची फिल्म एवढी बारीक की एकेक चित्र धानाच्या दाण्याएवढं. माझं नख फिल्मच्या भोकात जायचं, एक चित्र खाली ओढायचं, क्षणभर थांबायचं, मग पुढचं ओढायचं. एवढंच माझं काम, पण ते मी चोख केलं. दिवा लागला की गुणवंतरावांच्या बैठकीतली माणसं म्हणायची, "बापा! काय मशीन आहे!" आणि मी आणखी जोरात टरटरायचो. कौतुक कोणाला नको असतं?

त्यांच्या साऱ्या फिल्म्समध्ये एक मला फार आवडायची. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळी जत्रेच्या, मैदानात भर उन्हात नाटकाची तालीम चाललेली आहे. कमळा नावाची नटी हातवारे करून बोलते आहे आणि कडेवर तिची तान्ही मुलगी आहे. बोलता बोलता कमळा मध्येच थांबते. मान खाली घालते, पोरीच्या गालाला आपला गाल लावते, आणि मग हसत वर बघते. बस्स. नाटकातलं तिचं काम काय होतं ते मला माहीत नाही, पण तो गाल मी विसरलो नाही.

पुढच्याच पावसाळ्यात कमळा तापानं गेली. तिचा एकही फोटो कुठे नव्हता. ती तान्ही मुलगी म्हणजे कुंताबाई. मावशीनं तिला वाढवलं.

गुणवंतराव गेले, गिरणी बंद पडली, आणि मी माळ्यावर गेलो. उंदरांनी माझा पट्टा खाल्ला, तरी कोणी विचारलं नाही. गेल्या दिवाळीत घर झाडताना गुणवंतरावांच्या सुनेनं मला बोऱ्यात घातलं आणि त्या फिल्मसकट धनराजच्या दुकानात आणून दिलं. ती म्हणाली, "यात तुझी आजी आहे म्हणे. मामंजी सांगत होते." हा धनराज कुंताबाईंचाच मुलगा.

धनराजनं मला पुसलं, शिलाई मशीनचा पट्टा बसवला आणि भिंतीवर फिल्म लावली. कुंताबाई भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. पण त्यांच्या डोळ्यांचे पडदे सुकत चालले होते. मधोमधची नजर गेली होती, कडेकडेनं मोठं असेल तेवढंच दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे ती उन्हाळ्यापर्यंत टिकली तर नशीब.

"कुठी आहे रे? इथी तं काईच दिसत नाई मले," त्या भिंत चाचपत म्हणाल्या.

"माय, तुह्या हाताखालीच आहे. पाह्य, आता ते मान खाली घालून राह्यली, आन्‌…"

"सांगू नको!" कुंताबाई ओरडल्याच. "जन्मभर लोकाईच्या तोंडून आयकली मी माय. एकडाव मले माह्या डोळ्यानं पाहू दे."

धनराजनं मला मागे सरकवलं. चित्र मोठं झालं, पण इतकं फिकं की भिंतीवर धुकं पडल्यासारखं वाटलं. अहो, दाण्याएवढ्या चित्राला मी किती ताणणार! मोबाईलनं भिंतीवरचं चित्र घेऊन पाहिलं, तर नुसते काळे पट्टे पळताना दिसले. चिडून त्यानं ते पुसून टाकलं. ते त्यानं पुसायला नको होतं, पण तेव्हा कोणाला माहीत होतं!

मग त्यानं ठरवलं, एकेका चित्राचा वेगळा फोटो काढायचा. सगळे फोटो कॉम्प्युटरवर जोडायचे आणि नाटकवाल्यांच्या मोठ्या पडद्यावर दाखवायचे. अंकुशची नाटक कंपनी गावोगावच्या मंडईत जाते. त्याच्याकडे मागच्या पडद्यावर डोंगर-महाल दाखवायला दमदार दिव्याचा नवा प्रोजेक्टर आहे. अंकुश म्हणाला, "वडशाच्या मंडईले आमचं नाटक आहे. घंटीच्या आधी लाव गा. कमळाबाई आमच्याच धंद्यातली होती."

शहरात असलं काम मोठ्या यंत्रांवर होतं. धनराजकडे होती एक लाकडी फळी, चार विटा आणि लग्नाचा कॅमेरा. कॅमेऱ्याचं भिंग त्यानं उलटं करून बसवलं, म्हणजे बारीक वस्तू मोठी दिसते. माझी मोटर काढली. माझा तापट दिवाही काढला, कारण थांबलेलं चित्र त्यानं जाळलं असतं. त्याजागी थंड पांढरा बल्ब आणि त्यापुढे बटर पेपर लावला. हातानं माझी मूठ फिरवायची, एक चित्र खाली, एक फोटो. गिऱ्हाईक नसलं की हेच चालायचं. कुंताबाई शेजारी स्टुलावर बसून विचारायच्या, "कुठवर आली माय?" रोज त्यांची नजर थोडी कमी व्हायची, आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, अरे लेका, भरभर हात चालव!

माझी मूठ कुरकुरायची. एका दुपारी धनराज जेवायला गेला असताना कुंताबाई चाचपत आल्या आणि माझ्या अंगभर तेल सोडलं. मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल. आमच्या भागात सांधे दुखले, दार करकरलं, काहीही झालं की तेच लावतात. "किती रडून राह्यला रे तू. पी," असं म्हणाल्या. मला इतक्या मायेनं आजवर कोणी हात लावला नव्हता, खरं सांगतो. दुपार उन्हाची होती, मी लोण्यासारखा फिरायला लागलो. काम संपल्यावर धनराज स्वतःशीच म्हणाला, "आता गालापर्यंत आलो, उद्या तेच घेतो."

पण टोळीचं तेल थंडीत गोठतं. म्हणून तर कुंताबाई हिवाळ्यात ती बाटली चुलीपाशी ठेवायच्या. त्या रात्री पूस महिन्याची हाडं गोठवणारी थंडी पडली. माझा जुना दिवा असता तर त्याच्या धगीनं तेल पातळ झालं असतं. थंड बल्बनं काय होणार? सकाळी धनराज आला आणि त्यानं घाईघाईनं मूठ फिरवली. माझं नख भोकात अर्धं शिरून अडकलं होतं. थांब रे, थांब! मी कळवळून सांगत होतो, पण मला तोंड कुठे आहे? मूठ जड लागली म्हणून त्यानं जोर केला. जुनी फिल्म, पापडासारखी. माझ्याच नखानं कमळाचा तो गाल टराटरा फाडला. खाली वाकलेली मान कॅमेऱ्यात आली होती, वर बघणारं हसू पुढच्या फिल्ममध्ये शाबूत होतं, आणि मधल्या तुकड्याचा चुरा झाला.

धनराजनं चुरा ओंजळीत घेतला. वास ओळखीचा होता, त्याला सगळं कळलं. तेवढ्यात कुंताबाईंनी विचारलं, "काय झालं रे?"

"मशीन बिघडली, माय. जुनीच होती. तिनंच घात केला."

"मेल्या!" कुंताबाई माझ्यावर कडाडल्या. "तुले तेल पाजलं होतं ना मी!"

धनराज मान फिरवून रडला. मी मुकाट्यानं आळ घेतला. म्हटलं, म्हातारीचं मन राहतं ना, राहू दे.

उरलेल्या फिल्मची भोकंही कमजोर झाली होती. धनराजनं पक्कड आणली आणि माझं नख उपटलं. नंतर नुसत्या खिडकीतून, बोटानं सरकवत त्यानं बाकीची चित्रं घेतली. मी पुन्हा कधी चालणार नाही हे मला समजलं, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त कुंताबाईंचे डोळे दिसत होते. त्याच संध्याकाळी त्या माझ्याजवळ आल्या. अंगावरून बोट फिरवलं, गोठलेलं तेल बोटाला लागलं, त्यांनी ते हुंगलं. मग बोट पदराला पुसून घरी गेल्या.

मंडईच्या दिवशी दिवेलागणीला धनराजनं मलाही नेऊन रंगमंचाच्या कडेला ठेवलं. पडद्यावर कमळा उभी राहिली, घराएवढी! चित्र उड्या मारत होतं, पण काय तिचे हातवारे! कुंताबाई मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघत होत्या.

"दिसली! धनराज, दिसली मले! माही माय… अगा, ते मान खाली घालून राह्यली…"

आणि पडदा पांढरा झाला. मग एकदम कमळाचं हसू आलं, आणि संपलं.

"मधी काय होतं?" कुंताबाईंनी विचारलं.

"मधी तिनं तुह्या गालाले गाल लावला, माय. मी पाह्यलं, भिंतीवर."

कुंताबाईंनी पडद्याकडून मान वळवली. मग म्हणाल्या, "तेल माह्याच हातचं होतं. तू मशीनवर ढकललं. तसंच हे बी सांगून राह्यला, माहं मन राखाले."

"माय, तुही शपथ…"

"राहू दे बापा," त्या म्हणाल्या. नाटकाची घंटी झाली.

मित्रांनो, उन्हाळ्याच्या आधीच कुंताबाईंची उरलीसुरली नजर गेली. तुमच्या माळ्यावर असं काही पडलं असेल तर आजच खाली उतरवा, बघणाऱ्याचे डोळे आहेत तोवर बघा. आम्हा जुन्या यंत्रांना हाताला येईल ते तेल पाजू नका. आणि म्हाताऱ्या माणसाची चूक झाली तर त्याला ती सांगा; तो सोसेल.

कुंताबाई अजून दुकानात येतात. माझ्यावर हात ठेवून हळूच विचारतात, "तू तरी सांग रे. लावला होता का गाल?"

लावला होता हो, कुंताबाई! मी स्वतः ओढून दाखवला आहे, कितीदा तरी. पण मला फक्त उजेडानं बोलता येत होतं, आणि त्यांना आता उजेडही दिसत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडतो. वडशाला कधी आलात तर धनराजच्या दुकानात जा आणि त्यांना एवढं सांगा. तुमचं त्या ऐकतील. तुम्ही त्यांच्याशी अजून एकदाही खोटं बोललेला नाहीत.