पाटवडी म्हणा

"पाटवडी म्हणा, मग देते," गीताबाई म्हणाली आणि वड्यांची ताटली छातीशी धरून खाटेपाशी उभी राहिली.

खाटेवर तिची सासू, जनकाबाई. डॉक्टरांनी हात टेकलेले, पोटात पाण्याशिवाय काही जात नाही, आणि आज म्हातारीनं आपण होऊन पाटोडी मागितली होती. मागितली कसली, हुकूमच सोडला.

वरवट बकाल या गावात सगळे पाटोडीच म्हणतात. गीताबाई देऊळगावराजाकडची, तिची आई पाटवडी म्हणायची. बेसन तेच, वरचं खोबरंही तेच. पण नवी नवरी असताना जनकाबाईनं भरल्या पंगतीत तिच्यापुढचं ताट ओढून घेतलं होतं. "पाटोडी म्हन, मंग जेव. तुह्या मायचं बोलनं तिकडंच ठेवून ये." जावा, नणंदा पदरात तोंड घालून हसल्या. पोरगी त्या रात्री उपाशी निजली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पाटोडी म्हणाली. त्यानंतर पाटोडी हा शब्द तिनं कधी तोंडातून काढला नाही; नुसतं "त्या वड्या" म्हणायची. सासूला एकदा तरी आपल्या आईचा शब्द बोलायला लावायचा, एवढं मनात धरून तिनं उभा संसार काढला.

"दे न तिले," तिचा नवरा कडूबा दारातून म्हणाला. "काऊन तरसावून राह्यली?"

"माझं ताट ओढलं तेव्हा तुमची जीभ कुठं गेली होती?"

तो निघून गेला. तेव्हाही असाच निघून गेला होता.

म्हातारीचे डोळे वड्यांवर होते. ओठ हलले, तशी गीताबाई खाली वाकली.

"मरीन," जनकाबाई म्हणाली, "पन तुह्या मायचा शब्द मह्या तोंडातून निंघनार नाही." आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

गीताबाईच्या अंगाची लाही लाही झाली. आपण एका रात्रीत वाकलो, आणि ही मेली मरणाच्या दारातही वाकत नाही. तिला सासूचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. ही खरंच उपाशी जाईल, हेही तिला कळून चुकलं. ती खाटेच्या कडेला बसली, वडी मोडली आणि म्हातारीच्या ओठांशी नेली.

"घ्या."

"काय हाय थे?" म्हातारीनं दात न उघडताच विचारलं.

गीताबाईनं वडी तशीच धरून ठेवली. हात अवघडला.

"पाटोडी," ती म्हणाली.

जनकाबाईनं तोंड उघडलं. दोन वड्या खाल्ल्या आणि मान हलवून पुरे म्हणाली. गीताबाईनं पदरानं तिची हनुवटी पुसली.