मावशीचं राहिलेलं कन्फेशन

तर झालं असं, की फादर एल्विन तुस्कानोंच्या बदलीचं पत्र बिशपांकडून आलं आणि दोन दिवसांत कोलकात्यातल्या सगळ्या गार्डन रीचला कळलं. सात वर्षं होते ते त्या चर्चमध्ये, आता बांकुड्याकडच्या कुठल्याशा गावात. लोक येऊन रडून गेले, कुणी शाल दिली, कुणी संदेश मिठाईचे डबे. फादर सगळ्यांना हसून सांगत होते, अहो, बांकुडा काही चंद्रावर नाही! पण त्यांना काळजी होती ती एकाच माणसाची. नातालीनमावशी.

मावशी चौऱ्याऐंशीची. वसईची. फादरही वसईचेच, म्हणून तर ती त्यांची मावशी. एकोणीस वर्षांची असताना ती जहाजाच्या कारखान्यातल्या फिटरची बायको होऊन इथे आली, आणि बंगाली काय, हिंदी काय, इंग्लिश काय, असं फाडफाड बोलायची म्हणे की मासेवाले तिला भाव सांगायला घाबरायचे. गेल्या वर्षी मेंदूला झटका आला आणि बाकीच्या सगळ्या भाषा गेल्या. अगदी पुसून गेल्या. उरली ती फक्त लहानपणीची मराठी. मुलगा ऑस्ट्रेलियात, तो फोन करतो तो इंग्लिशमध्ये, ती नुसती हं हं करते. सांभाळायला येणारी बाई बंगाली, तिच्याशी सगळं खाणाखुणांनी. मग तिच्याशी बोलणार कोण? एक फादर, आणि दुसरी रेल्वे क्वार्टर्समधल्या श्यामकांत साहेबांची मुलगी चैत्राली, जी आईने दिलेला डबा पोचवायला जायची आणि तासभर बडबडून यायची.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर मावशीच्या घरी जायचे, तिचं कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकायचे, कम्युनियनचा प्रसाद द्यायचे. या वेळी गेले, गळ्यात स्टोलची पट्टी घातली, खुर्ची पलंगाशी ओढली, तर मावशी म्हणते, "आज नाही."

"का गं, मावशी?"

"पापंच झाली नाहीत."

फादरना हसूच आलं. सात वर्षांत एकही महिना असा गेला नव्हता. आता तिने काय काय सांगितलं ते त्यांच्याबरोबरच जायचं, पण असा महिना नव्हता गेला एवढं खरं.

"मावशी, मी रविवारी जातोय. पुढच्या महिन्यात इथे नसेन."

"माझं कन्फेशन राहिलंय," मावशी एकदम शांतपणे म्हणाली. "माणसाचं अर्धवट टाकून फादर कसा जाईल? पुढच्या महिन्यात ये. तेव्हा सांगते."

म्हणजे कळलं ना? तिने कन्फेशन अडवून धरलं होतं! तिला वाटत होतं, ते राहिलं की यालाही राहावं लागेल. फादर किती वेळ समजावत बसले. शेवटी म्हणाले, "अगं, नवे फादर येतायत, टोप्पो, फार चांगले आहेत. तू मराठीत सांग. देवाला सगळ्या भाषा कळतात."

"देवाला कळतात रे," मावशी म्हणाली, "पण समोरच्याने हं म्हणायला नको?"

फादरांनी स्टोल काढून घडी केली. ते घरी आले आणि रात्रीचं जेवणच गेलं नाही त्यांना. आणि खरं सांगायचं तर नुसतं तिचंच दुःख नव्हतं. त्यांनाही गावचं बोलायला दुसरं होतं कोण?

मग त्यांना नियम आठवला. दुभाष्या चालतो! चर्चच्या कायद्यातच आहे, फक्त जे ऐकलं ते त्यानेही फादरसारखंच गुपित ठेवायचं. शनिवारी सकाळी ते थेट श्यामकांत साहेबांच्या दारात.

दुभाष्या होशील का विचारलं, तर चैत्राली ऐकतच राहिली. "पण फादर, आम्ही हिंदू आहोत!"

"ठाऊक आहे. तुमच्या गणपतीचे मोदक दर वर्षी मीच संपवतो."

"आणि माझा मराठी?"

"माझी."

"बघा! आणि माझ्या पोटात काही राहत नाही, आईला विचारा."

"काही म्हणजे काही राहत नाही!" आतून तिच्या आई, मंजुषावहिनी ओरडल्या.

"हे ठेवावं लागेल," फादर म्हणाले. आता हसत नव्हते. "मरेपर्यंत. आईला सांगायचं नाही, मैत्रिणींना नाही. मलासुद्धा नाही."

तिने आधी आतल्या दाराकडे, आईकडे बघितलं. मग होकारार्थी मान हलवली.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली, भाषणं झाली, मुलांनी गाणं म्हटलं. फादरांचं लक्ष सारखं दाराकडे. मावशीची चाकाची खुर्ची जिथे लावायचे ती जागा रिकामीच. आणायला गेलेल्यांना तिने हात हलवून परत पाठवलं होतं.

मग दुपारी टॅक्सीत दोन बॅगा टाकून फादर आधी तिच्याकडे गेले, बरोबर फादर टोप्पो आणि चैत्राली. मावशी भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

"मावशी, निघालो गं."

मावशी आणखी भिंतीकडे सरकली. चैत्राली पलंगावर जाऊन बसली, तिच्या केसांतून हात फिरवला. "आजी, मी आली."

"आले म्हण," भिंतीकडून आवाज आला.

"आले. आजी, तुम्ही मला सांगा, मी ह्या फादरना हिंदीत सांगेन. सगळं. आणि मग विसरून जाईन. हं पण म्हणेन."

खाली टॅक्सीवाला हॉर्न मारायला लागला. मग मावशी वळली, टोप्पोंकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि शेवटी फादर एल्विनकडे. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"तू बाहेर जा," म्हणाली. "हे तुझ्यासाठी नाही."

गेले. त्यांनीच तर जमवून आणलं होतं सगळं! दार लागलं आणि ते जिन्याच्या चौकात उभे. आतून मावशीचा आवाज, मग चैत्रालीचा, मग टोप्पोंचा खालच्या पट्टीतला. शब्द एक नाही. सात वर्षं ते त्या दाराच्या आत असायचे, आणि आता आपल्याच घराबाहेर उभं राहावं तसं झालं त्यांना. मध्येच चैत्रालीचा आवाज थांबला. नाक ओढल्यासारखं झालं, मग पुन्हा सुरू.

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा नाक लाल, ओढणीचं टोक ओलं.

"काय..." फादरांच्या तोंडून निघूनच गेलं.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तीच चैत्राली, जिच्या पोटात काही राहत नाही. आणि फादरांना अभिमान वाटला, आणि एकटंही वाटलं, दोन्ही एकदमच.

तेवढ्यात आतून मावशीने हाक मारली, "चैत्राली, गेला का गं तो?"

चैत्रालीने फादरांकडे बघितलं. फादरांनी हळूच होकारार्थी मान हलवली.

"हो आजी," ती म्हणाली. "गेले."

"बरं झालं," मावशी म्हणाली, आणि मग तिचा रडण्याचा आवाज आला, मोठ्याने, लहान मुलीसारखा.

फादरांनी वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि एकेक पायरी जपून टाकत, आवाज न करता, खाली उतरले.