‘लगेच येतो’चे चार हजार तास

दाखल्यांच्या कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनांना सगळे नाना म्हणत. नाना दिवसभर मरमर काम करतात, यावर निदान त्यांच्या घरात तरी कोणाचं दुमत नव्हतं. संध्याकाळी दारात चपला काढता काढता ते “पाठ मोडली हो, पाठ!” म्हणत, की आतून पाणी, उशी आणि टीव्हीचा रिमोट या क्रमाने सेवा रुजू होई. या पाठीच्या जोरावर नानांनी कित्येक वर्षांत घरातली एक भाजी निवडली नव्हती की एक बल्ब बदलला नव्हता.

खिडकीवर एक चकचकीत पडदा होता. त्यावर टोकनचा नंबर दिसे. नाना जागेवरून उठताना एक बटण दाबत आणि काळ्या पडद्यावर पांढरी ठळक अक्षरं उमटत : लगेच येतो. मग नाना मागच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपायाशी बुद्धिबळ खेळायला जात. ‘लगेच’ म्हणजे नेमकं किती, हे विचारावं असं लोकांना फार वाटे. पण विचारायला खिडकीत कोणी नसे.

पडदा बसवून तीन वर्षं झाली आणि त्याचं काहीतरी बिनसलं. टोकनचा नंबर लावला तरी त्याच्यामागे मळकट, पिवळट अक्षरांत ‘लगेच येतो’ दिसतच राही. लोक वर बघत, उसासा टाकत आणि बाकावर जाऊन बसत. नाना समोर सदेह बसलेले असत, पण माणसापेक्षा पाटीवर विश्वास ठेवायची लोकांना सवय. एका आजोबांनी तर खिडकीत डोकं घालून नानांनाच विचारलं, “अहो, हे तीन नंबरवाले कधी येतात, काही अंदाज?”

“येतील लगेच,” नाना म्हणाले.

नानांना यात बिघाड असा काही वाटत नव्हता. साहेबबाईंना वाटला. त्यांनी पडद्याच्या कंपनीला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून कंपनीची मेकॅनिक आली. ती नानांची सून होती.

“बाबा, तुमच्याच खिडकीचा पडदा होय!” म्हणत ती स्टुलावर चढली. तिने आख्खा पडदा पांढरा केला. मधोमध ‘लगेच येतो’ असं काही उठून दिसलं की समोरच्या बाकावरचे चार जण उठायच्या बेतात होते, ते परत बसले.

“धूळ बसली असेल,” नाना म्हणाले.

“धूळ नाही, झीज आहे. या पडद्याच्या मागे वेगळा दिवा नसतो, बाबा. एकेक ठिपका स्वतःच्या जिवावर उजळतो. जो जास्त वेळ उजळतो, तो लवकर मंदावतो. त्यातले निळे ठिपके सगळ्यांत नाजूक, ते आधी थकतात. म्हणून पांढरं पिवळट दिसायला लागतं.”

“आणि काळं असतं तिथले?”

“ते बंद असतात. म्हणून अजून तरतरीत आहेत.”

“बघ, म्हणजे काम करणारा झिजतो आणि बसून राहणारा टवटवीत!” नाना कळवळून म्हणाले.

सुनेने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा चांगलाच टवटवीत होता.

“अक्षरं इतकी झिजायला चार हजार तास तरी लागतात,” ती म्हणाली. “पडदा बसवून किती दिवस झाले म्हणालात?”

नानांचं गणित कच्चं होतं, पण हा हिशेब त्यांना एका क्षणात जमला. सुनेलाही जमलेला दिसत होता.

“सूनबाई,” नाना खिडकीतून अर्धे बाहेर येऊन कुजबुजले, “साहेबबाईंना काय सांगायचं ते सांग. बदली करतील, सस्पेंड करतील, बघून घेईन. पण घरी... तुझ्या सासूच्या कानावर...”

“मी कशाला बोलू?” ती म्हणाली. “मी पडदा दुरुस्त करायला आलेय.” आणि तिने दुरुस्ती सांगितली : “आता उलटं करायचं. बाकीचा पडदा दिवसभर उजळता ठेवायचा आणि तेवढी अक्षरं बंद.”

“त्याने अक्षरं बरी होतील?”

“नाही. बाकीचा पडदाही तितकाच म्हातारा होईल, मग फरक दिसणार नाही. ‘लगेच येतो’चं बटण मी काढून टाकलंय.”

“आणि मला मध्येच उठायचं झालं तर?”

“तुमची सुट्टी आता अक्षरांनी घेतली, बाबा.”

बटणाशिवाय जागा सोडायची नाही, असा कार्यालयाचा नियमच होता. त्या दिवशी नानांनी एकशे बारा टोकनं निकाली काढली. शिपाई हातात घोडा घेऊन दोनदा डोकावून गेला. दुपारी शिक्का उचलताना नानांच्या पाठीत काहीतरी कट्कन वाजलं आणि पाठ अशी खरोखरच दुखू शकते, हे त्यांना प्रथमच कळलं.

संध्याकाळी ते घरी पोचले ते भिंतीला धरून. चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. तोंडातून शब्द काढायचंही त्राण उरलं नव्हतं.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. थोडा वेळ वाट बघून म्हणाली, “अहो, आज एवढे गप्प? पाठीचं काही बोलला नाहीत. ऑफिसात काम नव्हतं वाटतं?”

नानांनी डोळे उघडून सुनेकडे पाहिलं. आज त्यांनी काम केलंय, याची शपथेवर साक्ष देऊ शकेल अशी घरात तीच एक होती. आणि तिने आजच्या दिवसाची साक्ष द्यायला तोंड उघडलं असतं, तर मागच्या तीन वर्षांचीही निघाली असती.

“नव्हतं फारसं,” नाना म्हणाले.

“बरंच झालं,” म्हणत बायकोने मटारची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. “एवढे सोला बघू.”

सुनेने एक रिकामं भांडं आणून शेजारी ठेवलं. नानांनी पहिली शेंग उचलली.