आज तुमच्या आईशी कोण बोललं?

रश्मीने 'निर्धास्त' हा शब्द खोडला, परत लिहिला आणि शेवटी अख्खी ओळच पुसून टाकली. पडद्यावर एका हसऱ्या म्हातारीचा फोटो आणि त्याखाली हिरवं बटन एवढंच उरलं. वरची जागा रिकामी. शहापूरच्या त्या घरात दुपारी सामसूम असे; महामार्गावरून जड ट्रक गेला की टेबलावरचा स्टीलचा पेला तेवढा थरथरे.

पान होतं पुण्याच्या एका कंपनीचं. तिच्या सेवेचं नाव 'विचारपूस'. परगावी राहणाऱ्या मुलांनी नोंदणी करायची. मग कंपनीतली एक मुलगी रोज त्यांच्या आईवडिलांना फोन करणार, औषध घेतलं का विचारणार, इकडचं तिकडचं बोलणार. जाहिरातीवर बोट ठेवलं की माणूस ज्या पहिल्या पानावर येऊन उतरतो, ते पान रश्मीकडे. ती त्याची दोन रूपं करी. येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना एक दिसे, अर्ध्यांना दुसरं. ज्या पानावरचं बटन लोक जास्त दाबत ते ठेवायचं, दुसरं काढून टाकायचं, आणि जिंकलेल्यासमोर पुन्हा नवं उभं करायचं. टाळेबंदीत पुण्याहून घरी आल्यापासून ती हेच काम इथून करत होती. टाळेबंदी उठली, बरोबरीचे सगळे परत गेले. आई एकटी पडेल म्हणून रश्मी राहिली.

आईला, मंगलाबाईंना, तिने हे काम एकदा समजावून सांगितलं होतं.

"म्हंजे एका बांधीत एक धान लावलं अन् बाजूच्या बांधीत दुसरं, तसंच ना?"

"तसंच."

"मंग पिकलं का खाते कोण?"

रश्मी हसून परत पडद्याकडे वळली होती.

पहिलं पान तयार होतं: 'आईबाबांची काळजी आता आमच्यावर सोडा.' गोड, गुळगुळीत, कोणालाही न बोचणारं. दुसऱ्यासाठी ती सकाळपासून अडली होती. तिने फोन उचलून घरच्यांचा ग्रुप उघडला. आदल्या दिवशी बाबांच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. विहारातून भंतेजी आले होते, गल्लीतली माणसं जेवून गेली होती. रश्मीने बाबांच्या फोटोसमोर लावलेल्या मेणबत्त्यांचं चित्र टाकलं होतं. त्याखाली हैदराबादेहून धाकट्या भावाने, प्रफुल्लने, जोडलेले दोन हात पाठवले होते. नुसते हात. फोन नाही. आई रात्री झोपेपर्यंत मोबाइल उशाशी ठेवून होती, आणि 'चार्जिंग हाय का बघ बरं' असं तिने उगीचच विचारलं होतं.

रश्मीने फोन पालथा ठेवला आणि एका दमात टाइप केलं: 'आज तुमच्या आईशी कोण बोललं?'

ओळ तिने पुन्हा वाचली नाही. पान सुरू करून ती चहा ठेवायला गेली.

पुढच्या आठवड्यात आकडे आले. दुसऱ्या पानाने पहिल्याला कुठल्या कुठे मागे टाकलं होतं. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे नेहमीसारखे बंद होते. पडद्यावर नावांची आद्याक्षरं तेवढी गोल चकत्यांत बसली होती. तिचे वरिष्ठ, अमर सर, खूश होते.

"एक्सलंट आहे ही ओळ. आता सगळ्यांना हेच दाखवू. आणि पुढच्या टेस्टला अजून थोडं टोचणारं काढा. टोचतं तेच चालतंय."

रश्मीला वाटलं, बोलावं. ती म्हणाली, "सर, ही ओळ मी रागात लिहिली होती. ज्याने ती वाचली त्याला घरी फोन करावासा वाटावा म्हणून. बटन दाबावंसं वाटावं म्हणून नाही. यात कुठेतरी चुकतंय असं मला वाटतं." एवढं बोलून ती थांबली. पलीकडे कोणीतरी हसलं, पण ते दुसऱ्याच गोष्टीवर. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या खुणेकडे गेलं. माइक बंद होता. तिने तो चालू केला नाही. मीटिंग संपली आणि चकत्या एकेक करून विझल्या.

त्यानंतर दोनेक दिवसांची गोष्ट. उन्हं कलली होती. मंगलाबाई अंगणात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या, शेजारच्या रत्नमालाबाई कुंपणावरून काहीतरी सांगत होत्या. खाटेवरचा मोबाइल वाजला. मंगलाबाईंनी तो कानाला लावला, मग दूर धरून पाहिला, मग पुन्हा लावला.

"कोण? विचार... काय? जयभीम, बाई, जयभीम. नाई, तब्येत बरी हाय. तुमी कोन पन?"

रश्मी दारात येऊन उभी राहिली. फोनमधला आवाज लहान आणि स्वच्छ होता. ती ऐकत होती आणि प्रत्येक वाक्य तिला आधीच ठाऊक होतं. मी रुखमिणी बोलतेय, आजी. आता रोज याच वेळेला आपण बोलायचं बरं का. तुमचे चिरंजीव प्रफुल्लजी यांनी तुमच्यासाठी ही सेवा घेतली आहे.

"पोट्ट्यानं?" मंगलाबाईंनी देठ हातात तसाच धरून रश्मीकडे पाहिलं. "प्रफुल्लनं तुमाले सांगतलं मले फोन कराले?"

रत्नमालाबाईंनी मान दुसरीकडे वळवली आणि घरात काहीतरी राहिल्यासारख्या निघून गेल्या.

रश्मी आत आली, दार लोटलं आणि भावाला फोन लावला. त्याने तो लगेच उचलला.

"ताई! आईले आला का फोन? आवडलं तिले?"

"तुले हे कुठे दिसलं?"

"असंच. लिफ्टमध्ये उभा होतो, मोबाइल पाहून राहिलो होतो. वर लिहिलं होतं..." तो थांबला. "लिहिलं होतं, आज तुमच्या आईशी कोण बोललं. मले लागलंच ते, ताई. खरं सांगतो. लिफ्टचं दार उघडलं तरी मी तिथंच उभा. तिथल्या तिथं भरून टाकलं सगळं."

रश्मी पलंगाच्या कडेवर बसली.

"ते मी लिहिलं."

"काय?"

"ते वाक्य. माझं काम आहे ते. तुझ्यावर चिडून लिहिलं होतं."

 पलीकडून लहान मुलाचं रडणं ऐकू आलं आणि ते शांत करणारा बाईचा आवाज.

"मग तू फोन काहून नाही केला, प्रफुल्ल? लागलं होतं ना? तिथंच उभा होता, हातात मोबाइल होता."

"इतक्या दिवसांनी फोन करून काय बोलू, ते समजत नव्हतं." त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "बाबांच्या दिवशीपण नाही केला. आता केला असता तर आई रडली असती, नाही तर तू बोलली असती. बटन सोपं होतं."

रश्मीने फोन ठेवला. तिला त्याचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. इतकी वर्षं ती असल्याच माणसांसाठी पानं लिहीत होती. त्यांची गर्दी कशी वागते ते तिला ठाऊक होतं. त्यांच्यातल्या कोणा एकाचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

तिला वाटलं, आई एक-दोन दिवसांत ते फोन बंद करायला सांगेल. तसं झालं नाही. मंगलाबाई फोनची वाट पाहू लागल्या. वेळ झाली की हात धुऊन, पदर नीट करून खाटेवर बसत. रश्मी आत पडद्यासमोर असे आणि अंगणातलं बोलणं खिडकीतून तुकड्यातुकड्यांनी आत येई. गुडघा, पावसाळ्यातल्या वर्षावासाचं विहारातलं वाचन, निंदणाला येणाऱ्या बाया. एकदा आई मोठ्याने हसली. एकदा म्हणाली, "त्याईनं मले लग्नाच्या पहिल्या वर्षी सायकलवर बसवून कारध्याले नेलं होतं, नदी दाखवाले. मी पडलो ना मधातच!" आणि पुन्हा हसली. रश्मीने ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती. बाबा कोणाला सायकलवर बसवून नदी दाखवायला नेतील, हेच तिला डोळ्यांसमोर आणता येईना.

ती उठून दाराशी गेली. आईने तिला पाहिलं आणि आवाज खाली घेतला. तोंडावर हात आडवा धरून ती फोनमध्ये काहीतरी हळू बोलत राहिली. रश्मी तशीच मागे फिरली.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "त्या मुलीशी बरं बोलता येते तुला."

"चांगली पोट्टी हाय."

"माझ्याबद्दल सांगत होतीस काही?"

मंगलाबाईंनी तिच्या ताटात भात वाढला. "भाजी घे," म्हणाल्या.

रश्मीने खाली मान घालून जेवण उरकलं. या घरासाठी तिने काय सोडलं ते तिच्या मनात एकापाठोपाठ एक येत राहिलं: पुण्यातली खोली, खोलीसमोरचा गुलमोहर, चिडवणाऱ्या मैत्रिणी, एक माणूस ज्याने वर्षभर वाट पाहिली आणि मग पाहणं थांबवलं. आणि आता आई तिच्याबद्दलच्या तक्रारी एका पगारी मुलीला सांगत होती. ती भांडी घासायला उठली आणि नळ गरजेपेक्षा मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी ती नव्या पानावर बसली होती. टोचणारं काहीतरी हवं होतं. तिने दोन ओळी लिहून पाहिल्या. दोन्ही टोचत होत्या. बाहेर फोन वाजला, आईचं "जयभीम, बाई" ऐकू आलं. थोड्या वेळाने चपलांचा आवाज आला आणि मंगलाबाई तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. पांढरं लुगडं नेसलेलं, विहारात जायची तयारी. मोबाइल पुढे केलेला.

"घे."

"काय झालं? नीट ऐकू येत नाही का?"

"येते. तू बोल."

"मी काय बोलू? तुझा फोन आहे."

"मी सांगतलं तिले कालच. आतापासून माह्या पोरीसंगं गोष्टी करजो म्हनलं. ते म्हने असं चालत नाई, नाव आजीचं हाय. मी म्हनलं, नाव राहू दे माहंच." त्यांनी फोन टेबलावर, रश्मीच्या हाताजवळ ठेवला. "मले कायले पाहिजे वो फोन? सकाळी वावरात दहा बाया, दुपारी रत्नमाला, सांजच्याले विहार. गोष्टी करून करून तोंड दुखते माहं."

"आई, मला कामं आहेत."

"हाय ना. ते बी पाहतो मी रोज." मंगलाबाई दारापर्यंत गेल्या आणि न वळताच म्हणाल्या, "प्रफुल्लले मीच फोन लावतो आता. त्याले लाज वाटते तं वाटू दे. मले नाई वाटत."

फाटकाची कडी वाजली. रत्नमालाबाईंची हाक आली, आईचं उत्तर गेलं, आणि दोघींचं बोलणं गल्लीतून लांब लांब होत गेलं.

रश्मी मोबाइलकडे पाहत राहिली. पडद्यावर वेळ पुढे सरकत होती. कापू का, असा विचार करून तिने बोट नेलंही. मग तो कानाला लावला. काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं. तिला खाकरावं लागलं.

"ताई?" तिकडून आवाज आला. "आहात ना?"

"आहे."

"मला..." मुलगी अडखळली. "माझ्यासमोर प्रश्न लिहिलेले असतात. गोळ्या घेतल्या का, झोप लागली का, असे. ते सगळे वयस्करांचे आहेत. तुम्हाला काय विचारू, मला कळत नाहीये."

हे प्रश्न नोंदणी करणारी मुलंच निवडतात, ते रश्मीला माहीत होतं. तिच्या पानावर त्यांच्यासाठी एक चौकट होती.

"काही विचारू नको," ती म्हणाली. "आज किती जणांना फोन केलेस?"

"सकाळपासून करतेय. मोजत नाही आता."

"आणि तू? कोणाशी बोललीस?"

फोनमधला मागचा गलबला ऐकू येऊ लागला. एकाच वेळी कितीतरी मुली कितीतरी आज्यांना जेवलात का विचारत होत्या. मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, "ताई, आमचे फोन रेकॉर्ड होतात."

"होऊ देत," रश्मी म्हणाली. "कोणी ऐकत नाही ते."

मुलगी हसली. सराव केलेलं हसू नव्हतं ते, नाकातून निसटलेलं होतं. रश्मीने लॅपटॉप मिटला, खुर्ची खिडकीकडे ओढली आणि पाय वर घेऊन बसली.

"तू गावाकडची कुठली?" तिने विचारलं.