भिंतीकडे तोंड केलेला बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका लहानशा दवाखान्याच्या दाराशी माझा मुक्काम असतो.

मला आमच्याच गल्लीतल्या सुतारमामांनी घडवले. रंधा मारून त्यांनी मला इतके गुळगुळीत केले की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, बसून तर बघा!"

मामा दोन पावले मागे सरले. "नको बाई. कोणी पाहिलं तर!"

सगळ्यांचे तसेच. रस्त्यावरच्या नजरा चुकाव्यात म्हणून येणाऱ्यांनी मला भिंतीकडे वळवले. बारा वर्षे मी भिंतीच्या रंगाचे पोपडे बघत बसलो.

मग मामी वारल्या. मामांची झोप उडाली, हात असे थरथरू लागले की लाकडावर सरळ रेघ मारता येईना. एका गुरुवारी ते दवाखान्यात आले, पण हत्यारांची पिशवी घेऊन!

"काय मामा, बाक मोडला वाटतं?" शेजारी विचारत.

"हो ना, पाय डुगडुगतोय."

मित्रांनो, माझा पाय ठणठणीत होता! मामा त्याचा स्क्रू ढिला करत, पुन्हा आवळत आणि हळूच आत सटकत. असे अठरा गुरुवार गेले. मामा सावरले, रंधा पुन्हा चालू लागला. माझ्या पायातले स्क्रूचे भोक मात्र झिजले आणि मी खरोखरच डुगडुगू लागलो.

अशात एकदा मामा पिशवी घेऊन दाराशी आले, तोच किराणा दुकानदार कागद घेऊन आला. "मामा, सही ठोका. हा वेड्यांचा दवाखाना हलवायचाय. तुमची सही दिसली की अख्खी गल्ली करेल. मग घरमालक जागा रिकामी करून घेतो की नाही बघा."

मामांनी पिशवी खाली ठेवली. मला उचलून रस्त्याकडे वळवले आणि माझ्यावर ऐसपैस बसले.

"अहो, इथे काय बसता? लोक बघतायत!"

"बघू देत. बाकाला काही झालं नव्हतं, शेठ. झालं होतं मला. हा हात थरथरायचा थांबला तो इथे. आणि त्याच हाताची सही मागता?"

दुकानदाराने कागद मागे घेतला. तेवढ्यात समोरच्या शिवणवाल्या काकू पदर खोचून आल्या. "सरका जरा मामा, माझाही आज नंबर आहे."

तो कागद अजून फिरतो आहे म्हणतात. फिरू दे. मी आता रस्त्याकडेच बघणार.

तुम्ही एवढेच करा. मला पुन्हा भिंतीकडे वळवू नका. माझा पाय दुरुस्त करायचा असेल तर हत्यारे घेऊन या. स्वतःसाठी येणार असाल, तर पिशवी घरीच ठेवून या.