मैनाची चाकं

माझ्या धाकट्या जावेला, मैनाला, उचलून परसाकडे नेण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्या चुली वेगळ्या, पण अंगण एकच. आधीच सांगते, मी काही देवमाणूस नाही. माझी कंबर दुखायची, मी कुरकुरायचे, आणि ते तिला ऐकू जायचं. "बाई, वो बाई," अशी हाक आली की चुलीवरचा भात तसाच टाकून उठावं लागायचं. हाक मारताना तिला माझ्याहून जास्त त्रास होतो हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून कंबर दुखायची थोडीच थांबते?

पावसाळ्याआधी छपराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना ती घरावरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. चांद्याच्या दवाखान्यात तिचे पाय काही परत आले नाहीत, पण तिथं तिनं चाकांची खुर्ची पाहिली. व्हरांड्यात ती स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि पडल्यापासून पहिल्यांदा हसली. तिचा नवरा इस्तारी, म्हणजे माझा दीर, त्यानं कंपाउंडरला किंमत विचारली. खुर्ची मुंबईहून नागपूरला आणि तिथून इकडे यायची, आणि किंमत म्हणाल तर एका चांगल्या बैलजोडीची. आम्ही ढिवर, मासळीवर जगणारे. बैलजोडी सोडा, आमच्या दारात शेळीही नव्हती. होती ती इस्तारीची जुनी सायकल. तिच्यावर टोपली बांधून तो आमच्या तलावाची मासळी आरमोरीच्या बाजारात विकायचा.

मग गावच्या लटारू सुतारानं एक खुर्ची ठोकून दिली. बसायच्या फळीला मधोमध मोठं भोक ठेवलं, म्हणजे परसाकडे गेल्यावर उतरायला नको. खाली लाकडी चाकं लावली. ती अंगणात बरी चालली आणि गल्लीतल्या चिखलात म्हशीसारखी बसली. चार माणसांनी ओढून काढली, त्यात मोठी दोन चाकं फुटली. लोक हसले, मैनाही हसली, आणि घरात आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तेव्हा इस्तारीनं सायकल उलटी केली आणि तिची दोन्ही चाकं काढली.

"अरे येड्या," लटारू ओरडला, "एक चाक पुढचं, एक मागचं. खुर्ची सरळ चालन का?"

"वाकडी चालली तं चालली, लटारूभाऊ. आपुन कोनते सरळ चालून राह्यलो?"

खुर्ची जराशी डावीकडे ओढायची, पण चिखलातून निघायची. दुसऱ्या दिवशी मी हाकेची वाट पाहत बसले आणि हाक आलीच नाही. बाहेर येऊन पाहते तर मैना चाकं रेटत परसाकडे निघालेली. मी मागं धावले.

"तुमी काऊन येता, बाई? मले एकटीले जाऊ द्या."

मी परत आले आणि चुलीपुढे बसून रडले. तिच्यासाठी रडले, आणि माझी कंबर सुटली म्हणूनही रडले. खोटं कशाला बोलू?

पुढे ती तलावाच्या पाळीवर जायला लागली. तिथं बसून लोकांची जाळी विणून द्यायची. "मैनाबाईची मोटार आली, बाजूले सरा," असं बाया चिडवायच्या आणि तिला ते फार आवडायचं. हाताची कातडी सोलून निघाली तरी कुणाला चाक ढकलू द्यायची नाही.

पण चाकं दोनच. बाजाराच्या दिवशी इस्तारी ती काढून सायकलला लावायचा आणि परत आला की खुर्चीला. त्या दिवशी मैनाला पुन्हा माझीच गरज लागायला हवी होती. पण ती हाक मारायची नाही. का, ते मला फार उशिरा कळलं. आदल्या संध्याकाळपासून ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही. ओठ पांढरे पडायचे. मी खूप बोलले.

"मरशीन एखाद दिवस!"

"एका दिवसानं कोनी मरत नाई, बाई. जाळ्याचे पैसे जमले का आरमोरीहून दुसरी जुनी चाकं आनाची. मंग कायचा बाजार न् कायचं काय."

त्याच वर्षी तलावाचा लिलाव झाला. गावावरची मालगुजाराची मालकी गेली, तलाव सरकारचा झाला, तेव्हा आम्ही सगळे नाचलो होतो. नाचायची आम्हाला फार घाई. लिलावात तलाव बाहेरच्या एका ठेकेदारानं घेतला आणि पाळीवर राखणदार बसवला. ज्यांना जाळं टाकायला पाणीच उरलं नाही, ते जाळी विणून घेतील कशाला? मैनाचं काम बंद पडलं. इस्तारीला वैनगंगेवर जाऊन दुसऱ्याची मासळी विकत घ्यावी लागे आणि गावोगावचे बाजार करावे लागत. आठवड्याचे सगळे दिवस बाजाराचे झाले. रोज रोज तहानलेलं कोण राहील? मैनाला ताप भरला, लघवी गढूळ व्हायला लागली, आणि तिची हाक पुन्हा सुरू झाली.

एका सकाळी इस्तारी अडून बसला. चाकं खुर्चीला लावली आणि म्हणाला, "आज चाकं तुही. मी कुठी जात नाई. उद्याही नाई जात."

मैना पाळीपर्यंत गेली. राखणदारानं तिला काही म्हटलं नाही, पण तिथं तिचं काही कामही उरलं नव्हतं. थोडा वेळ पाण्याकडे पाहून ती परत आली. त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून धूर निघाला नाही. मी पेज नेऊन दिली. तिनं ती सगळी नवऱ्यापुढे सरकवली. तो म्हणाला, भूक नाही. दोघंही खोटं बोलत होते आणि पेज निवत होती.

सकाळी मी सडा टाकायला बाहेर आले, तर मैना अंगणात भुईवर बसलेली. खुर्ची आडवी पडलेली आणि तिची चाकं सायकलला लागलेली. मैनाच्या हातात पाना होता, कोपरापर्यंत काळं तेल. साखळीही तिनंच चढवली होती. नवरा रोज कसं करतो ते पाहून पाहून शिकली होती. चाकांसाठी तिला त्या दिवशी कुणाचीच मदत लागली नाही.

इस्तारी उठून बाहेर आला. त्यानं चाक फिरवून पाहिलं, नट दाबून पाहिला. पुन्हा आवळायची गरज नव्हती.

"तिरपं तं नाई बसलं?" मैनानं विचारलं.

"नाई. बरोबर हाये."

त्यानं टोपली बांधली आणि गेला. वळून पाहिलं नाही. पाहवलं नसेल. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

मी बादली खाली ठेवली. मैना तेलकट हात मातीला पुसत होती.

"बाई," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "उद्यापासून मी हाक नाई मारत. तुमीच येत जा, तुमाले वेळ भेटन तवा. हाक माराची लाज वाटते."

"येईन," मी म्हटलं, आणि पदर खोचून तिला उचललं.